चौदा संघांचा गोलंदाज

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्या भाषेंत एक म्हण आहे. ती बहुधा कींव करतांना वापरली जाते. ज्याचा पाय एका ठिकाणीं ठरत नाहीं, त्याच्या अंगीं कांहीं तरी उणें असलें पाहिजे, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु जगांत असेही व्यवसाय आहेत कीं, ज्यांत माणूस फिरतो तो स्वतःच्या मर्जीनें नव्हे, आणि केवळ नालायकीमुळें तर नव्हेच नव्हे. अमेरिकेंतील धंदेवाईक बेसबॉल हा असाच एक व्यवसाय होय. त्या व्यवसायांत एडविन जॅक्सन या गोलंदाजानें सतरा हंगामांत चौदा संघांचे गणवेश अंगावर चढविले. २०१९ सालीं त्यानें चौदावा गणवेश घातला, तेव्हां श्रेष्ठ श्रेणीच्या इतिहासांत इतक्या संघांतून खेळलेला दुसरा खेळाडू नव्हता. पुढें २०२५ सालीं रिच हिल या दुसऱ्या एका गोलंदाजानें या संख्येची बरोबरी केली.

श्रोतेहो, क्रिकेटशीं परिचय असलेल्यांस या खेळांतील गोलंदाजाचें काम समजणें कठीण नाहीं. तेथें त्यास पिचर म्हणतात. तो धांवत येत नाहीं. मातीच्या एका लहानशा उंचवट्यावर उभा राहून साठ फूट सहा इंचांवरील फलंदाजाकडे तो चेंडू टप्पा न पाडतां फेकतो. उत्तम पिचरचा चेंडू ताशीं पंचाण्णव मैलांच्याही पुढें जातो. असा चेंडू शंभर वेळां फेकला म्हणजे खांदा आणि कोपर यांवर जो ताण पडतो, तो भरून निघण्यास चार दिवस विश्रांति लागते. म्हणून प्रत्येक संघ आरंभीचे पांच गोलंदाज बाळगतो आणि त्यांस पाळीपाळीनें मैदानांत उतरवितो. हंगामाचे सामने एकशें बासष्ट. तेवढ्या अवधींत पांचांपैकीं एक दोघे तरी दुखावतात. अशा वेळीं ज्याचा हात शाबूत आहे आणि जो पांचव्या दिवशीं तक्रार न करतां उंचवट्यावर उभा राहूं शकतो, असा माणूस कोणाला तरी हवाच असतो. जॅक्सनची कारकीर्द या गरजेवर उभी राहिली.

त्याचा जन्म ९ सप्टेंबर १९८३ रोजीं पश्चिम जर्मनींतील नॉय-उल्म या गांवीं झाला. वडील अमेरिकन सैन्यांत होते, आणि सैनिकाच्या मुलास मुक्काम हलविण्याचें शिक्षण घरांतच मिळतें. पुढें जॉर्जिया संस्थानांतील कोलंबस शहरीं तो वाढला. २००१ सालीं लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघानें त्याची निवड केली. त्याचा पहिला मोठा सामना नेमका विसाव्या वाढदिवशीं आला. प्रतिपक्षाचा गोलंदाज होता रँडी जॉन्सन, ज्यानें सर्वोत्कृष्ट गोलंदाजाचें पारितोषिक तोंवर पांच वेळां पटकावलें होतें. जॅक्सननें तो सामना जिंकला. वर्तमानपत्रांस एक नवा तारा गवसला.

पण तारा उगवतां उगवतां ढगाआड गेला. चेंडूस वेग होता, नेम नव्हता. २००६ च्या आरंभीं डॉजर्सनीं त्याला टँपा बे संघाकडे धाडलें. तेथें २००७ सालीं त्याच्या खात्यावर पांच विजय आणि पंधरा पराभव पडले. अशा आंकड्यांनीं एखाद्याचा धंदाच आटोपला असता. परंतु पुढच्याच वर्षीं त्यानें चौदा सामने जिंकले, आणि तोंवर तळाशीं लोळणारा तो संघ अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत पोहोंचला. याचें बक्षीस काय? त्याच डिसेंबरांत त्याची डेट्रॉइटला रवानगी झाली. तेथें २००९ सालीं निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठीं त्याची निवड झाली, आणि वर्षअखेर त्याला ॲरिझोनास पाठविण्यांत आलें. म्हणजे वाईट खेळला तरी बिऱ्हाड हललें, आणि चांगला खेळला तरी हललें.

येथें एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. या व्यवसायांत खेळाडूचा करार एक संघ दुसऱ्या संघास देऊं शकतो आणि मोबदल्यांत दुसरे खेळाडू किंवा रोकड घेऊं शकतो. त्याला विचारण्याची गरज नसते. सेंट लुईस संघाचा कर्ट फ्लड यानें १९६९ सालीं अशा बदलीस नकार दिला आणि तो न्यायालयांत गेला. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल त्याच्या विरुद्ध दिला. पण खेळाडूंच्या संघटनेनें चळवळ सोडली नाहीं. १९७३ च्या करारांत असा नियम झाला कीं, ज्यानें श्रेष्ठ श्रेणींत दहा वर्षें काढलीं आहेत आणि त्यांतील शेवटचीं पांच वर्षें सलग एकाच संघांत काढलीं आहेत, त्याची बदली त्याच्या संमतीवांचून होऊं नये. १९७५ सालीं एका लवादाच्या निवाड्यानें मुदत संपलेल्या खेळाडूस स्वतःचा संघ निवडण्याची वाटही मोकळी झाली.

नियम न्याय्य आहे. पण त्यांतील खोंच पाहण्याजोगी आहे. नाहीं म्हणण्याचा हक्क त्यालाच मिळतो, ज्याला कोणी पांच वर्षें हलविलेलें नाहीं. ज्याला या हक्काची सर्वांत अधिक गरज, तो त्याच्या दारापर्यंतही पोहोंचत नाहीं. जॅक्सन दहा वर्षांहून किती तरी अधिक काळ खेळला. परंतु या श्रेणींत कोणत्याही एका संघाकडून तो सलग तीन हंगामांपलीकडे खेळला नाहीं. २००६ च्या जानेवारीपासून २०११ च्या जुलैपर्यंत त्याची सहा वेळां अदलाबदल झाली.

२५ जून २०१० हा त्याच्या आयुष्यांतील सर्वांत गाजलेला दिवस. सामना फ्लॉरिडांत होता आणि समोर टँपा बे, म्हणजे ज्यांनीं त्याला दीड वर्षापूर्वीं देऊन टाकलें तोच संघ. नऊ डावांत प्रतिपक्षाच्या एकाही फलंदाजास फटका मारून सुखरूपपणें पहिल्या ठाण्यावर पोहोंचूं न देणें, हा पराक्रम श्रेष्ठ श्रेणीच्या दीडशें वर्षांच्या इतिहासांत अवघ्या सव्वातीनशेंच्या आसपास वेळां घडला आहे. जॅक्सननें त्या दिवशीं तो केला. पण किती ओढाताणीनें! चार चेंडू वावगे पडले म्हणजे फलंदाजास पहिलें ठाणें फुकट मिळतें. त्यानें अशीं आठ ठाणीं फुकट दिलीं, आणि त्यांतलीं सात पहिल्या तीन डावांतच. एखाद्या तेजस्वी गोलंदाजाला शंभर चेंडू पुरले असते. याला एकशें एकोणपन्नास लागले. त्याच्या संघानेंही उभ्या सामन्यांत एकच धांव काढली होती, म्हणून एकाही चुकीस जागा नव्हती. सामना १-० असा संपला. नेम चुकणारा, पण हात खालीं न टाकणारा, असा सबंध जॅक्सन त्या एका सामन्यांत दिसतो.

त्यानंतर पस्तिसाव्या दिवशीं त्याला शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाकडे धाडण्यांत आलें.

वर्षभरानें, २७ जुलै २०११ रोजीं, त्याहून चमत्कारिक प्रकार घडला. शिकागोनें त्याला टोरोंटोस दिलें आणि टोरोंटोनें त्याच दिवशीं सेंट लुईसला. टोरोंटोचा सदरा अंगाला लागण्यापूर्वींच तो त्या संघांतून बाहेर पडला. त्याच शरदांत सेंट लुईसनें अजिंक्यपद जिंकलें आणि विजेत्यांच्या अंगठीचा तो धनी झाला. आठ वर्षांनीं, मे २०१९ मध्यें, त्याच टोरोंटोनें त्याला रोकड देऊन बोलाविलें, आणि विक्रमाचा चौदावा गणवेश तोच ठरला.

त्याची कींव करावी, असें मात्र नाहीं. शिकागोच्या कब्ज संघानें त्याच्याशीं चार वर्षांसाठीं पांच कोटी वीस लक्ष डॉलरांचा करार केला होता. त्या पैशाच्या मानानें त्याचें काम उतरलें नाहीं. २०१३ सालीं अठरा पराभव त्याच्या नांवावर लागले, आणि २०१५ मध्यें त्याला मुदतीआधीं मोकळें करण्यांत आलें. तेथून अटलांटा, मायामी, सान डिएगो, बाल्टिमोर आणि पुन्हां वॉशिंग्टन अशी भ्रमंती झाली. मधून मधून दुय्यम श्रेणीच्या लहान गांवांतही त्याला खेळावें लागलें. कोट्यवधींचा करार भोगलेल्या माणसानें तेथील मोटारबसमध्यें पुन्हां बसावें, यास कांहीं मनाची घडण लागते. २०१८ सालीं ओकलंड संघाचे गोलंदाज एकामागून एक दुखावले, तेव्हां त्यांनीं पस्तिशीला टेकलेल्या जॅक्सनला हांक मारली. त्यानें सतरा सामन्यांचा आरंभ केला, सहा जिंकले, तीन गमावले, आणि ओकलंडला बाद फेरी गांठतां आली. २०१९ चा त्याचा शेवटचा हंगाम फार वाईट गेला. तरीही २०२१ सालीं भरलेल्या टोकियो ऑलिंपिकसाठीं सदतिसाव्या वर्षीं तो देशाच्या संघांत होता, आणि रौप्यपदक घेऊन परतला. २०२२ च्या सप्टेंबरांत त्यानें निवृत्ति जाहीर केली.

एकंदर हिशेब असा: विजय एकशें सात, पराभव एकशें तेहतीस. दर नऊ डावांमागें त्यानें सरासरी पावणेपांचांहून किंचित् अधिक धांवा दिल्या. हे आंकडे थोर खेळाडूचे नव्हेत. परंतु पराभव खात्यावर मांडला जातो तो ज्याच्या हातीं चेंडू दिला त्याच्याच. बाकावर बसलेल्याचें खातें नेहमींच कोरें असतें. एकशें तेहतीस पराभव म्हणजे, पराभवानंतरही पांचव्या दिवशीं तितक्याच वेळां कोणीतरी चेंडू पुन्हां त्याच्या हातीं दिला असाही अर्थ होतो. एका संघानें त्याला सोडलें, ही गोष्ट अनेक वेळां खरी. त्याला दुसऱ्यानें मागून घेतलें, हीही तितक्याच वेळां खरी. बदलीच्या हुकुमावर त्याची सही कधींच नव्हती. चेंडू कसा फेकावा, हें मात्र प्रत्येक गांवीं त्याच्याच हातीं होतें. आणि तेवढ्या भांडवलावर त्यानें सतरा हंगाम काढले.