गोळी पोटात गेल्यावर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर सांगितलं, "वीस मिनिटं बोल, पण शाळेत शास्त्राच्या तासाला यायची तशी झोप येऊ देऊ नकोस." शास्त्राचे सर पहिल्या रांगेत बसले आहेत, त्यामुळे या वाक्याची जबाबदारी संयोजकांची. झोप लागायची ती तिसरा तास जेवणानंतर असायचा म्हणून, सर.

मी औषधं शोधत नाही. हा गैरसमज आमच्या घरातसुद्धा बरीच वर्षं होता. औषध दुसऱ्या कुणीतरी शोधलेलं असतं. ते शरीरात कुठे, किती आणि किती वेळात पोचवायचं, एवढंच माझं काम. इंग्रजीत त्याला ड्रग डिलिव्हरी म्हणतात. आमची आई त्याला एका शब्दात अनुपान म्हणाली असती. लहानपणी ती सहाणेवर मात्रा उगाळायची आणि मधातून चाटवायची. कुठलं मधातून, कुठलं तुपातून, कुठलं कोमट पाण्यातून, हे तिला पाठ होतं. मी हेच पुढे मुंबईत सहा वर्षं शिकलो.

बारावीला मेडिकल थोडक्यात हुकलं म्हणून फार्मसीला गेलो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. पुढे माटुंग्याला यूडीसीटीत एम.फार्म. आणि पीएच.डी. केली आणि १९९२ साली एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात लागलो. बाकीचा बायोडेटा स्मरणिकेत छापलाय, तो वाचून दाखवत नाही.

काम काय असतं ते सांगतो. सब्जाचं बी पाण्यात टाकलं की त्याच्याभोवती बुळबुळीत थर धरतो. दिवसभर पुरणाऱ्या बऱ्याच गोळ्या याच तत्त्वावर चालतात. गोळीत औषधाबरोबर एक पदार्थ असतो, एचपीएमसी म्हणतात त्याला. पोटातल्या पाण्याने तो फुगतो, बाहेर जेलीसारखा थर तयार होतो आणि औषध त्या थरातून हळूहळू झिरपत राहतं. कधीकधी औषध निघून गेल्यावर फुगलेला सांगाडा तसाच शौचावाटे बाहेर पडतो. मधुमेहाची लांब पल्ल्याची गोळी घेणारे रुग्ण घाबरून फोन करतात, "गोळी जशीच्या तशी बाहेर आली हो!" ती गोळी नसते, रिकामं पोतं असतं. इथे आता आपण सगळे साठीचे झालो आहोत, तेव्हा हे सांगायला लाजायचं कारण नाही.

गोळी बरोबर सुटते का, हे तपासायला काचेची सहा भांडी असतात. प्रत्येकात ९०० मिलिलिटर द्रव, तापमान ३७ अंश, आत मिनिटाला ५० फेरे घेणारं वल्ह्यासारखं पातं. जी गोळी जठरात सुटायलाच नको, ती आधी दोन तास सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवायची. ते आम्ल आपल्या प्रयोगशाळेत ब्युरेटमध्ये भरायचो तेवढ्याच ताकदीचं असतं. प्रयोगशाळेतल्या मामांनी माझ्या हातून फुटलेल्या ब्युरेटचे पैसे घरी न कळवता माझ्याकडून हप्त्याने घेतले होते. पुढे दर तासाला भांड्यातून नमुना काढायचा, बारा तास. यंत्रं आपोआप नमुने काढू लागायच्या आधी हे हाताने चालायचं. रात्री दोनला घड्याळाकडे बघत पिपेट धरून उभा असलेला माणूस म्हणजे शास्त्रज्ञ, अशी माझ्या थोरल्या मुलीची व्याख्या होती.

१९९६ साली मी निफेडिपिनवर काम करत होतो. रक्तदाबाचं औषध. ते उजेडात टिकत नाही, म्हणून आमच्या खोलीत पिवळे दिवे असायचे आणि बाहेर आलं की जग निळसर दिसायचं. या औषधाची अडचण अशी की ते चटकन रक्तात गेलं तर रक्तदाब एकदम कोसळतो. त्या काळी दवाखान्यांत रक्तदाब चढला की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची पद्धत होती, आणि तिच्या धोक्यांबद्दल त्याच सुमाराला वैद्यकीय नियतकालिकांत लेख येऊ लागले होते. मी ते वाचत होतो, त्यांची कात्रणं फाइलला लावत होतो. आमचा सगळा खटाटोप हाच होता, की औषध एकदम न सुटता बारा तास संथ सुटावं.

आईला त्याच वर्षी डॉक्टरांनी निफेडिपिनची रिटार्ड गोळी सुरू केली. आमच्या कंपनीची नव्हती. पण मी खूश होतो. मुंबईहून दर महिन्याला पाकिटं मीच आणून द्यायचो आणि ती गोळी कशी हुशार आहे हे तिला कौतुकाने सांगायचो. फक्त एक गोष्ट सांगितली नाही. ती मला इतकी उघड वाटत होती की सांगायचं सुचलंच नाही.

दिवाळीच्या आधी एका सकाळी ती स्वयंपाकघरात पाटावरून उठली आणि चक्कर येऊन पडली. खुब्याचं हाड मोडलं. मी रात्रीच्या एस.टी.ने आलो. ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्या दिवशी घरी तिची लुगडी घ्यायला गेलो, तर ओट्यावर सहाण दिसली. सहाणेवर पिवळट भुकटी, शेजारी मधाची बाटली आणि फाडलेलं पाकीट. गोळी घशाखाली उतरत नाही म्हणून ती रोज उगाळून मधातून घेत होती.

तिच्या पडण्याला ती भुकटीच कारण होती, हे मी सिद्ध करू शकत नाही. वय होतं, रिकामं पोट होतं, ओली फरशी होती. पण बारा तासांचं औषध एकदम पोटात गेल्यावर काय होतं, याचे आलेख मुंबईत माझ्याच टेबलावर पडले होते.

दवाखान्यात तिला सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, एवढं शिकलात सगळे. मग वर लिहायचं होतंत की."

तिला वाचता येत होतं, हे लक्षात घ्या. मराठी चौथीपर्यंत, पण रोजचं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. त्या पाकिटावर तिला वाचता येईल असं एकही अक्षर नव्हतं.

परत गेल्यावर मी आमच्या विभागात विषय काढला, की आपल्या गोळीच्या पाकिटावर मराठीत आणि हिंदीत 'फोडू नये, चावू नये' असं छापू या. उत्तर आलं, पाकिटावर जागा नाही. पुन्हा काढला, तर हे डॉक्टरांचं काम आहे असं सांगण्यात आलं. तिसऱ्यांदा काढला तेव्हा वरिष्ठांनी मला चहा पाजला. ती गोळी बाजारात आली, चांगली चालली, आणि त्यातला माझा वाटा म्हणून मला एक चांदीची पट्टी मिळाली. ती घरी कुठे आहे ते आज सांगता येणार नाही.

पुढची वर्षं भराभर सांगतो. नंतर लायपोसोमकडे वळलो. स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात त्या. ॲम्फोटेरिसिन-बी हे बुरशीवरचं जालीम औषध मूत्रपिंडांनाही झोडपतं. ते अशा पिशव्यांत भरून दिलं की मूत्रपिंडं बरीच वाचतात. या कामात आपल्या देशात दिल्ली विद्यापीठातले प्रा. बच्छावत यांच्यासारखे लोक आमच्या कितीतरी आधी उतरले होते आणि मुंबईच्या केईएममध्ये त्याच्या चाचण्या झाल्या होत्या. २०२१ साली म्युकरमायकोसिसच्या वेळी हेच इंजेक्शन मिळवायला लोक गावोगाव फिरत होते, आणि तुमच्यापैकी चौघांचे मला फोन आले होते. त्यातल्या दोघांना मी काही मदत करू शकलो नाही. त्यातला एक आज इथे बसलाय, आणि तरीही त्याने मला इथे बोलावलं.

आई त्यानंतर अकरा वर्षं होती. काठी घेऊन चालायची. गोळी आली की आधी मला फोन करून विचारायची, "ही उगाळायची का गिळायची?" मी सांगायचो. काही गोळ्या मधल्या रेघेवर अर्ध्या करता येतात, काहींना हातही लावायचा नसतो. तिने वहीत दोन रकाने केले होते.

तर आता कामाचं. तुमच्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर किंवा रिटार्ड असं काही असेल, तर औषधवाल्याला विचारल्याशिवाय ती फोडू नका, कुटू नका, चावू नका. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. बहुतेक वेळा दुसरा पर्याय असतो. आपल्या वर्गातल्या ज्यांची मेडिकलची दुकानं आहेत, त्यांच्यासाठी मी मोठ्या मराठी अक्षरांत चिकटपट्ट्या छापून आणल्यात, 'ही गोळी अख्खी गिळावी'. पाचशे आहेत. बाहेर चहाच्या टेबलावर, बाईंच्या पर्सशेजारी ठेवल्यात. पर्स सोडून बाकी सगळं न्या.