आमवात, रक्ततपासणी आणि श्वास
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य शिबिरात दिलेले व्याख्यान)



आमवाताचे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, रुग्ण ‘आरए फॅक्टर’ आणि ‘अँटी-सीसीपी’चे अहवाल घेऊन येतात आणि विचारतात, ‘डॉक्टर, बोटे वाकडी होतील का?’ फुफ्फुसांविषयी सहसा कोणी विचारत नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर पूर्वी मीही विचारत नसे.

माझ्या एक वयस्कर रुग्ण दरवर्षी कुंभोजजवळचा बाहुबलीचा डोंगर चढत. गुडघे धरले आणि चढणे थांबले. तीन वर्षे मी त्यांचे सांधेच तपासत राहिलो. चालणेच कमी झाल्याने दम लागतो हे त्यांच्याही ध्यानात आले नाही. कोरडा खोकला ‘हवा बदलली’ म्हणून सोडून दिला गेला. एके दिवशी पाठीला स्टेथोस्कोप लावला, तेव्हा वेल्क्रोची पट्टी उकलताना होतो तसा चरचर आवाज आला. फुफ्फुसाच्या तळाशी व्रण धरून ते कडक होऊ लागले होते. जुना अहवाल पुन्हा काढला. अँटी-सीसीपी पहिल्यापासूनच फार वाढलेले होते.

शंभर आमवातींपैकी सुमारे १० जणांना फुफ्फुसाचा असा गंभीर विकार होतो. अँटी-सीसीपीचे प्रमाण जास्त असणाऱ्यांत, पुरुषांत, उतारवयात आणि धूम्रपान करणाऱ्यांत धोका अधिक. आपल्यातील पुष्कळ घरांत विडी-सिगारेटला कोणी शिवत नाही. म्हणून आपण सुटलो असे मात्र समजू नये. त्या बाईंनी कधी धूर ओढला नव्हता.

रक्तातील आणखी काही खुणांचा अभ्यास चालू आहे. फुफ्फुसातील वायुकोशांच्या अस्तराला इजा झाली की ‘केएल-६’ नावाचे प्रथिन रक्तात वाढते. जपानमध्ये ही तपासणी अनेक वर्षे वापरात आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संशोधनात ‘एमयूसी५बी’ या जनुकातील एका बदलामुळे आमवातींमध्ये हा धोका सुमारे तिप्पट होतो, असे आढळले. परंतु यांपैकी कोणत्याही एका आकड्यावर निदान होत नाही, आणि आकडा चांगला आला म्हणून फुफ्फुस निर्धोक ठरत नाही. रक्त फक्त कोणाकडे अधिक बारकाईने पाहावे ते सुचवते. निदानासाठी छातीचा एचआरसीटी स्कॅन आणि श्वासक्षमतेची चाचणीच लागते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. ‘मेथोट्रेक्सेट’ने फुफ्फुस खराब होते असे ऐकून अनेक जण गोळी परस्पर बंद करतात. त्या औषधाने क्वचित फुफ्फुसाला अचानक सूज येते, हे खरे. पण दीर्घकाळ चालणारा हा विकार त्याने वाढतो, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसत नाही. निर्णय डॉक्टरांबरोबरच घ्यावा.

आज तपासणीला येताना जुने अहवाल आणावेत. खोकला किती दिवसांचा, एक जिना चढल्यावर थांबावे लागते का, हेही सांगावे. मी न विचारल्यास आठवण करून द्यावी.