यंत्रातून गेलेला कागद

(तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी येथे पंचायत सदस्य, शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



सोलापूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील या गावाला मालाच्या वाहतुकीविषयी काही सांगावे, असे नाही. गाडी भरली की ताडपत्री ओढून दोर आवळावा आणि माल योग्य आडतीवर उतरल्याची खात्री करावी, हे येथील शेतकरी जाणतो. आज मी अशाच एका वाहतुकीविषयी बोलणार आहे. तिच्यातील माल कागदाचा आहे आणि रस्ता डोळ्यांना न दिसणारा आहे.

चेस्टर कार्लसन या अमेरिकन संशोधकाने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी कोरड्या पद्धतीने पहिली प्रत काढली. १९५९ मध्ये कार्यालयात सुलभपणे वापरता येईल असे झेरॉक्स यंत्र बाजारात आले. आजचे यंत्र केवळ प्रत काढीत नाही. ते कागदाचे चित्र घेते आणि क्षणार्धात ई-मेलने दूर पाठविते. त्यामुळे तालुक्याचे व जिल्ह्याचे कितीतरी हेलपाटे वाचले आहेत. सुखाची गोष्ट आहे. पण यंत्र हुशार झाले म्हणून आपण निर्धास्त व्हावे, असे मात्र नाही.

त्या काचेवर आपण काय ठेवतो, ते आठवावे. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, सातबारा, जातीचा दाखला, विद्यार्थ्यांची यादी! सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने आपल्या धाराशिव जिल्ह्यात पिके वाहून गेली, जमिनी खरवडल्या गेल्या. अशा वेळी शेतकऱ्याचा खाते क्रमांक भलत्या हाती पडला, तर आधीच नागवलेल्या माणसाला पुन्हा नागविण्याचे साधन आपणच पुरविल्यासारखे होईल.

मी पूर्वी एका कार्यालयात होतो. तेथील यंत्रावर एक चिठ्ठी डकवलेली असे. ई-मेल खात्याचा परवलीचा शब्द तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलेला! एके दिवशी लाभार्थ्यांची यादी साहेबांना पाठवावयाची होती. पत्त्यांच्या यादीत त्याच आडनावाचे दुसरे गृहस्थ होते. बोट एक ओळ खाली पडले आणि यादी त्यांच्याकडे गेली. गृहस्थ सज्जन, म्हणून निभावले. ती बटण दाबणारा मीच होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

आपल्याकडे जुन्या काळी पत्राच्या अखेरीस मोर्तब उमटवीत, ते पुढे कोणी मजकूर वाढवू नये म्हणून. पत्र थैलीत घालून जात असे. याउलट १९८२ साली ई-मेल पाठविण्याची जी पद्धत ठरली, तिच्यात थैलीही नव्हती आणि मोहोरही नव्हती. ती पुढे जोडावी लागली. आपल्या यंत्रात ती जोडलेली आहे की नाही, हे पाहणे आपले काम आहे.

ते कसे पाहावे? पहिली गोष्ट, यंत्रासाठी स्वतंत्र कार्यालयीन ई-मेल खाते असावे. कोणाचेही खासगी खाते यंत्रात भरू नये. त्या माणसाची बदली होते आणि खाते मात्र मागे राहते. काही शाळा गूगलचे खाते वापरतात. केवळ नेहमीचा परवलीचा शब्द देऊन यंत्रांना प्रवेश देण्याची जुनी सोय गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी बंद करण्यास प्रारंभ केला. आता खात्याला दुहेरी पडताळणी लावावी लागते आणि यंत्रापुरता सोळा अक्षरी वेगळा परवलीचा शब्द घ्यावा लागतो. यंत्र गेले, तर तेवढा शब्द रद्द करता येतो.

दुसरी गोष्ट मार्गाची. यंत्राच्या मांडणीत ‘पोर्ट’ नावाचा एक आकडा असतो. २५ हा जुना, उघडा दरवाजा होय. आपल्या सेवेच्या सूचनेप्रमाणे ५८७ किंवा ४६५ निवडावा आणि ‘टीएलएस’ ही सांकेतिक लिपीची सोय सक्तीची करावी. ‘जमल्यास वापरा’ असा पर्याय असेल, तर तो घेऊ नये. कारण न जमल्यास यंत्र कागद उघडाच पाठवील. या सोयीच्या १.० व १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये कालबाह्य ठरविण्यात आल्या, किमान १.२ हवी. पलीकडच्या सेवेचे प्रमाणपत्र तपासण्याची सूचनाही यंत्राला द्यावी. यंत्राचे घड्याळ चुकले, तर खरे प्रमाणपत्रही ते नाकारते. म्हणून वीज जाऊन आल्यावर अडचण आली, तर आधी तारीख पाहावी. सुरक्षा काढून टाकू नये.

तिसरी गोष्ट यंत्राच्या किल्लीची. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. प्रत्येक कर्मचाऱ्यास वेगळा संकेतांक द्यावा. पत्त्यांच्या यादीत पूर्ण नाव व पद लिहावे. पाठविल्याची नोंद यंत्रात राहते. ती आपली जावक बारनिशीच समजावी आणि आठवड्यातून एकदा वाचावी.

परंतु ही थैली मुख्यतः वाटेपुरती आहे, हे विसरू नये. चुकीच्या पत्त्यावरही कागद तितक्याच सुरक्षितपणे पोचतो! म्हणून नाजूक कागदास वेगळा परवलीचा शब्द लावावा आणि तो दूरध्वनीवरून कळवावा. जेथे चालेल, तेथे शेवटचे चारच अंक दाखविणारे आधार घ्यावे.

शेवटची गोष्ट यंत्राच्या स्मरणशक्तीची. अनेक यंत्रांत कागदांची चित्रे साठविणारी तबकडी असते. अमेरिकेतील अ‍ॅफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्यसंस्थेने भाड्याची यंत्रे तबकड्या न पुसता परत केली. त्यामुळे सुमारे ३ लाख ४४ हजार लोकांची माहिती उघडी पडली असावी, असा अंदाज होता. २०१३ मध्ये संस्थेला १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. आपले यंत्र परत जाताना वा भंगारात निघताना तबकडी पुसली, असे लेखी घ्यावे.

आपल्या देशात २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण कायद्याच्या आधी विश्वास येतो. डोक्यावरचा पदर सावरीत एखादी आजी आपले पासबुक आपल्या हाती देते, तेव्हा ती कलमे वाचून देत नाही. समोरच्या माणसाकडे पाहून देते. उद्या कचेरी उघडताच यंत्रावरची चिठ्ठी आधी काढावी, परवलीचा शब्द बदलावा आणि मग एक कोरा कागद स्वतःलाच पाठवून पाहावा, एवढीच माझी विनंती आहे.