आपल्याला कुणी सांगू शकतं का?

जेवणं-भांडी आटोपून बसला असाल, तर थोडा वेळ आमच्याशी बोला. आज आम्ही आमच्याच गटाची एक चूक सांगणार आहोत. ती सांगायला लाज वाटते, पण तुमचे पैसे वाचणार असतील तर वाटू दे.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. गटात 12 जणी. निम्म्या जणी रविवारी उपासनेला जाणाऱ्या ख्रिस्ती घरांतल्या, बाकीच्या वारीला जाणाऱ्या घरांतल्या. बचत वेळेवर, परतफेड वेळेवर, वह्या चोख. बँकेनं कर्ज मंजूर केलं तेव्हा दोघींनी गायी घ्यायचं ठरवलं. एक व्यापारी दोन संकरित गायी टेम्पोतून गावातच घेऊन आला. एकीची किंमत 70,000 रुपये. दिवसाला 18 लिटर दूध देते म्हणाला. कास केवढी मोठी दिसत होती! आम्ही सगळ्या खूश.

खरेदीआधी विचारविनिमय झाला नाही, असं नाही. झाला. पण कुणाला विचारलं? ज्या आधीच हो म्हणत होत्या त्यांना. प्रार्थनाही केली. पण ती कशी, तर "प्रभू, या कामात यश दे." हे काम करावं की नाही, असं आम्ही प्रभूला विचारलंच नाही. निर्णय आमचा झालेला होता, त्याची सही तेवढी हवी होती.

गायी घरी आल्या. दोन्ही वेळच्या धारा मिळून 9 लिटरच्या वर दूध जाईना. दुसऱ्या महिन्यात एकीला दगडी झाली आणि एक सड कायमचा बंद पडला. पेंडीचा खर्च चालूच, हप्ताही चालूच. एका ताईंनी डोरलं गहाण ठेवून हप्ता भरला. दुसरीनं बैठकीला येणंच सोडलं. गटाच्या वहीत पहिल्यांदा थकबाकी लिहिली गेली.

आता खरी गोष्ट ऐका. आमच्या गटात एक मावशी आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोठ्यात रोजानं धारा काढत आल्या. त्या दिवशी टेम्पोपाशी उभ्या होत्या. नंतर बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कास तुंबवलेली होती. पाय फाकवून उभी होती, सडातून दूध ठिबकत होतं. आदली धार काढलीच नव्हती."

आम्ही म्हणालो, "मावशी, मग तेव्हाच का नाही बोललात?"

त्या म्हणाल्या, "मागं एकदा बोलले होते, तर तुम्हीच म्हणालात, मावशी, तुम्हाला हिशोबातलं काय कळतंय?"

असं म्हणालो होतो आम्ही. हसत हसत म्हणालो होतो, आणि विसरूनही गेलो होतो. मावशी विसरल्या नव्हत्या. 1,40,000 रुपयांचा सल्ला आमच्या शेजारी उभा होता आणि त्याचं तोंड आम्हीच बंद करून ठेवलं होतं.

त्या रात्री आम्हाला पवित्र शास्त्रातली एक गोष्ट आठवली. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात 25 व्या अध्यायात आहे. नाबाल नावाचा मोठा श्रीमंत माणूस होता. 3,000 मेंढरं, 1,000 शेळ्या. दावीद आणि त्याच्या माणसांनी रानात त्याच्या मेंढपाळांना सांभाळलं होतं. लोकर कातरायच्या सणाला दावीदानं निरोप पाठवला, आम्हालाही थोडं काही द्या. नाबालानं त्या माणसांचा अपमान करून त्यांना हाकलून लावलं. दावीद 400 माणसं घेऊन तलवारी बांधून निघाला.

नाबालाच्या घरात हा धोका सर्वांत आधी कुणाला कळला? एका गड्याला. पण तो मालकाकडे गेला नाही. मालक असा की त्याच्याशी बोलायची सोय नाही, असं तो मालकिणीला, अबीगईलला, येऊन सांगतो. अबीगईल त्याला "तू गडी, तुला काय कळतं" म्हणाली नाही. तिनं ऐकलं, भाकरी, मटण, मनुका, अंजिरं गाढवांवर लादली आणि दावीदाला वाटेतच गाठलं. त्याला समजावलं की रागाच्या भरात रक्त सांडलंस तर ते तुझ्याच मनाला बोचत राहील. आणि दावीद, तो होणारा राजा, एका बाईचं ऐकून मागे फिरला. वर देवाचे आभार मानले, की त्यानं तिला पाठवलं.

बघा मैत्रिणींनो, एकाच गोष्टीत गडी सांगतो, बाई ऐकते; बाई सांगते, राजा ऐकतो. घर वाचलं ते यामुळं. नाबालाकडेही शहाणी माणसं होती. त्याच्याच घरात होती. पण त्याला कुणी सांगू शकत नव्हतं.

आपण म्हणतो, आम्हाला चांगला सल्ला देणारं कुणी नाही. आधी हे विचारू या, की आपल्याला सांगायला कुणी धजतं का? सून धजते का? शेतावर येणारी मजूर बाई धजते का? आणि सल्ला आपल्याच मंडळीतून येईल असंही नाही. मोशेला कामाची वाटणी कशी करावी हे त्याच्या सासऱ्यानं, इथ्रोनं शिकवलं आणि तो मिद्यानचा याजक होता. आमच्या मावशीही चर्चच्या नाहीत, माळकरी आहेत.

आम्ही मावशींच्या घरी गेलो आणि माफी मागितली. त्यांनी चहा केला. एवढंच.

त्यानंतर गटात काही गोष्टी बदलल्या. मोठी खरेदी असेल तर बोलणी झाल्यावर एक आठवडा थांबतो. "आजच घ्या, उद्या मिळणार नाही" म्हणणाऱ्याला परत पाठवतो. बैठकीत सगळ्यांत कमी बोलणारीपासून सुरुवात होते, अध्यक्ष आणि आम्ही शेवटी. जी नको म्हणेल तिचं कारण ठरावाच्या वहीत लिहितो. जे काम करायचं ते स्वतःच्या हातानं करणाऱ्या माणसाला आधी विचारतो, आणि ज्याला त्यात पैसे मिळणार आहेत त्याचा शब्द शेवटचा धरत नाही. सुरुवातीला दोन मिनिटं शांत बसतो. ज्या प्रार्थना करतात त्या करतात, पण "यश दे" नव्हे, "दाखव" अशी. ज्याला शहाणपण कमी पडतं त्यानं देवाकडे मागावं, असं याकोबाच्या पत्रात सांगितलंय. मागितल्यावर देव ते मावशींच्या तोंडून देतो की पशुवैद्यांच्या, हे ठरवणाऱ्या आपण नाही.

गेल्या खेपेला एका ताईंना गाय घ्यायची होती. मावशी सोबत गेल्या. मुक्काम करून स्वतः लागोपाठ तीन धारा काढून पाहिल्या, डॉक्टरांकडून कास तपासून घेतली. दोन गायी नाकारल्या, तिसरी घेतली. ती चांगली निघाली. जुन्या कर्जाचे हप्ते मात्र अजून फिटायचे आहेत, ते आम्ही सगळ्या मिळून फेडतोय. डोरलंही अजून सुटायचं आहे.

बचत गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. तिच्यात एक सहावं सूत्र घालू या का? येत्या बैठकीत एकदा आजूबाजूला बघा. कोण बरेच दिवस काही बोललेली नाही? तिला विचारा, "ताई, तुम्हाला काय वाटतं?" आणि मग तिचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसा.

सलाम, मैत्रिणींनो. पुन्हा भेटू.