मात्रा कोण ठरवणार? औषधी गांजाचे कायदे आणि आपला व्यवसाय



फार्मासिस्टांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. अध्यक्षाने व्यवसायाच्या सगळ्या प्रश्नांना ओझरता स्पर्श करावा, असा आपल्याकडचा रिवाज आहे. तो आज मोडण्याची परवानगी मागतो आणि एकाच विषयाकडे आपले लक्ष वेधतो. अमेरिकेतल्या राज्यांनी गेल्या तीसेक वर्षांत औषधी गांजाचे कायदे केले. अशा राज्यांची संख्या आज चाळिसाच्या आसपास गेली आहे. आपल्याकडेही वारे त्याच दिशेने वाहू लागले आहेत. उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक वापरासाठी भांगेच्या लागवडीला परवाना दिला. हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक उपयोगासाठी नियंत्रित लागवडीच्या बाजूने ठराव केला. या विषयावर आपल्याकडे वाद होतो तो ‘परवानगी द्यावी की न द्यावी’ एवढ्यापुरताच. अमेरिकेचा अनुभव सांगतो की खरा प्रश्न परवानगीनंतर सुरू होतो. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या वस्तूत काय आहे, ती किती घ्यायची, कशासोबत घ्यायची नाही आणि बिघडले तर जबाब कोण देणार, हे ज्या कायद्यात लिहिलेले नाही त्याला औषधाचा कायदा म्हणता येत नाही. माझे आजचे प्रतिपादन एवढेच आहे.

सुरुवात कॅलिफोर्नियापासून करू. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन २१५’ सुमारे ५६ टक्के मतांनी मंजूर केले. त्यामागे सॅन फ्रान्सिस्कोतल्या एड्सच्या साथीचे दुःख होते. अन्नावरची वासना उडालेल्या, उलट्यांनी खंगलेल्या रुग्णांना गांजाने आराम पडतो, हे त्यांची शुश्रूषा करणारे लोक रोज पाहत होते आणि त्या आरामासाठी पोलीस त्यांना पकडत होते. त्या कायद्यामागची करुणा अस्सल होती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्याने केले काय? डॉक्टरने तोंडी किंवा लेखी शिफारस केली की रुग्णाला आणि त्याची काळजी घेणाऱ्याला गांजा बाळगण्याची व पिकवण्याची मुभा मिळाली. कर्करोग, एड्स, काचबिंदू, संधिवात, अर्धशिशी अशी यादी देऊन शेवटी ‘गांजाने आराम पडतो असा अन्य कोणताही आजार’ अशी पुस्तीही जोडली. उत्पादकाला परवाना, मालाची चाचणी, विक्रेत्याची पात्रता यांतले काहीच त्यात नव्हते. राज्यव्यापी परवाना-व्यवस्थेचा कायदा होण्यासाठी २०१५ साल उजाडावे लागले, आणि प्रयोगशाळेतली चाचणी सक्तीची झाली ती २०१८ मध्ये. म्हणजे तब्बल दोन दशके रुग्णाला कायद्याचे संरक्षण होते आणि मालाला मात्र कोणी वाली नव्हता.

असे का घडले, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजा पहिल्या अनुसूचीत टाकला होता. वैद्यकीय उपयोग मान्य नसलेले, गैरवापराची मोठी शक्यता असलेले पदार्थ या अनुसूचीत येतात. त्यामुळे कोणताही डॉक्टर गांजाची चिठ्ठी लिहून देऊ शकत नव्हता आणि कोणत्याही मेडिकल दुकानात तो ठेवता येत नव्हता. मतदान झाल्यावर काही आठवड्यांतच केंद्र सरकारने शिफारस करणाऱ्या डॉक्टरांवर कारवाईची धमकी दिली. शेवटी २००२ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने शिफारस करणे हे डॉक्टरचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे असा निर्णय दिला. त्यानंतरही २००५ च्या गोन्झालिस विरुद्ध रेच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय बंदीच राज्याच्या कायद्यावर वरचढ ठरवली. या कोंडीतून राज्यांनी वाट काढली, पण तिची किंमत मोजली. चिठ्ठीत औषधाचे नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस, एवढे तरी असते. शिफारशीत यांतले काहीच नव्हते. डॉक्टर म्हणणार, ‘तुम्हाला उपयोग होऊ शकेल’, आणि पुढचे सगळे काउंटरमागच्या माणसावर सोडणार. त्या माणसाला औषधशास्त्राचे शिक्षण असलेच पाहिजे, असा नियम बहुतेक ठिकाणी नव्हता. डॉक्टर, फार्मासिस्ट, रुग्ण या साखळीतली मधली कडी कायद्यानेच काढून टाकली.

कडी निघाली की काय होते, हे आकड्यांत दिसते. २०१५ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि सिअ‍ॅटल या शहरांतल्या औषधी गांजाच्या केंद्रांतून घेतलेले ७५ खाद्यपदार्थ तपासले होते. लेबलवरचा टीएचसीचा, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचा, आकडा फक्त १७ टक्के पदार्थांत बरोबर निघाला. २३ टक्क्यांत लेबलपेक्षा जास्त द्रव्य होते आणि ६० टक्क्यांत कमी. दोन वर्षांनी त्याच नियतकालिकात गांजातल्याच सीबीडी या दुसऱ्या घटकाच्या, इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या ८४ उत्पादनांची तपासणी आली. त्यांतली जेमतेम ३१ टक्के लेबलप्रमाणे होती, आणि नशा न आणणारे म्हणून विकलेल्या दर पाचांतल्या एका उत्पादनात टीएचसी सापडले. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या एखाद्या कंपनीने असा हिशेब दिला असता, तर अन्न व औषध प्रशासनाने दुसऱ्या दिवशी कुलूप ठोकले असते. इथे मात्र घेणारा केमोथेरपीने थकलेला रुग्ण होता, किंवा अपस्माराने हैराण झालेल्या मुलाची आई.

सगळी राज्ये एका माळेतली नव्हती, आणि यातच आपल्यासाठी धडा आहे. मिनेसोटाने २०१४ च्या कायद्यात फक्त दोन उत्पादकांना परवाने दिले, ओढण्याचा गांजा वगळला आणि तेल, द्रव, गोळ्या असे मोजता येणारे प्रकार ठेवले. डॉक्टरने आजार प्रमाणित करायचा आणि केंद्रातल्या फार्मासिस्टने रुग्णाशी बोलून प्रकार व मात्रा ठरवायची, अशी रचना होती. काय दिले आणि काय परिणाम झाला, याची नोंद आरोग्य खात्याकडे जायची. कनेक्टिकटने २०१२ पासूनच केंद्रावर परवानाधारक फार्मासिस्ट सक्तीचा केला. दुसऱ्या टोकाला ओक्लाहोमा. तिथल्या मतदारांनी जून २०१८ मध्ये मंजूर केलेल्या कायद्यात आजारांची यादीच नव्हती आणि व्यवसाय-परवान्यांवर मर्यादाही नव्हती. चार-पाच वर्षांत लोकसंख्येच्या नऊ-दहा टक्के लोकांकडे रुग्ण म्हणून कार्ड होते, आणि २०२२ मध्ये राज्याला नवे परवाने थांबवावे लागले. मिनेसोटा आणि ओक्लाहोमा या दोन्ही राज्यांनी ‘औषधी’ हाच शब्द वापरला. एकाने औषधाची व्यवस्था उभारली, दुसऱ्याने बाजार उभारला.

आता गांजा खरोखर किती औषधी आहे, हेही सरळ पाहू. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. प्रौढांतल्या दीर्घकालीन वेदना, केमोथेरपीमुळे होणारी मळमळ व उलट्या, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये रुग्णांना जाणवणारा स्नायूंचा ताठरपणा, या तीन बाबतींत पुरावा भक्कम मानला गेला. राज्यांच्या याद्यांतल्या इतर अनेक आजारांसाठी तो अपुरा किंवा नाहीच. अपुऱ्या पुराव्यावर धोरण उभारले की काय होते, त्याचे उदाहरण अमेरिकेतल्या ओपिऑइड वेदनाशामकांच्या अतिवापराच्या साथीत मिळाले. औषधी गांजाचा कायदा असलेल्या राज्यांत ओपिऑइडच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी आहे, असे १९९९ ते २०१० च्या आकड्यांवरून २०१४ मध्ये मांडले गेले. या निष्कर्षाच्या आधारे अनेकांनी कायद्यांचा आग्रह धरला. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच पद्धत वापरून २०१७ पर्यंतचे आकडे घेतले, तेव्हा संबंध उलटा झाला होता आणि मृत्यूंचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी जास्त दिसत होते. गांजाने मृत्यू वाढवले, असा याचा अर्थ नाही. राज्याराज्यांची सरासरी पाहून एका रुग्णाच्या औषधाबद्दल निकाल देता येत नाही, एवढाच अर्थ आहे.

याच्या शेजारी सीबीडीपासून बनलेले ‘एपिडायोलेक्स’ ठेवा. ड्रावे सिंड्रोम या बालपणीच्या दुर्धर अपस्मारात १२० मुलांवर चाचणी झाली. औषध घेणाऱ्या गटात महिन्यातल्या झटक्यांची मध्यक संख्या १२.४ वरून ५.९ वर आली. हे औषध जून २०१८ मध्ये मंजूर झाले. पण चाचण्यांनी आणखीही काही सांगितले. क्लोबाझामसोबत दिल्यास त्याच्या सक्रिय घटकाची रक्तातली पातळी चढते आणि गुंगी वाढते. व्हॅल्प्रोएटसोबत दिल्यास यकृताची एन्झाइम्स वाढतात. अपस्माराच्या मुलाला ही औषधे चालू असण्याची शक्यता किती मोठी, हे या सभेला सांगण्याची गरज नाही. त्याच मुलाला बाजारातले सीबीडीचे तेल दिले, तर हा इशारा आईला कोण देणार?

यावर पहिला आक्षेप येईल तो रुग्णांच्या बाजूने: चाचण्यांना वर्षे लागतात, मरणाऱ्या माणसाने तोवर थांबायचे का? आक्षेप रास्त आहे. त्यात भर अशी, की अमेरिकेत संशोधनासाठीचा गांजा १९६८ पासून अर्धशतक एकट्या मिसिसिपी विद्यापीठातून मिळत होता. पुरावा नाही म्हणून बंदी, आणि बंदी आहे म्हणून पुरावा नाही, असे ते दुष्टचक्र होते. म्हणून मी पुरावा पूर्ण होईपर्यंत दार बंद ठेवा असे म्हणत नाही. असाध्य आजारात सहानुभूती म्हणून अप्रमाणित औषध देण्याची वाट वैद्यकाला मान्य आहे. पण तिथेही द्रव्य शुद्ध लागते, मात्रा लिहिलेली लागते आणि परिणाम नोंदवावा लागतो. उपचार प्रमाणित नसेल तर देखरेख उलट अधिक हवी.

दुसरा आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो. वनस्पतीत शेकडो घटक असतात, तिला गोळीच्या साच्यात कोंबू नका, आयुर्वेदात विजया, म्हणजेच भांग, शतकानुशतके वापरात आहे, असे म्हटले जाते. या परंपरेचा मी आदर करतो. १८३९ मध्ये कलकत्त्यात डॉक्टर ओशॉनेसी यांनी गांजावरचे प्रयोग मांडले ते इथल्या वापरातून शिकूनच, आणि पाश्चात्त्य वैद्यकात हे औषध गेले ते याच मार्गाने. पण आयुर्वेदानेही विजयेला उपविषांत गणून शोधनाचा संस्कार सांगितला आहे. मात्रा, अनुपान, रुग्णाची प्रकृती हे सगळे पाहून वैद्याने ती द्यायची आहे. नियमन नको म्हणणाऱ्याला आयुर्वेदाचा आधार घेता येणार नाही.

तिसरा आक्षेप उलट दिशेचा आहे: औषधाच्या नावाने दार किलकिले केले की नशा आत शिरणार, तरुण पिढी बिघडणार. अमेरिकेतल्या दहा लाखांहून अधिक शाळकरी मुलांच्या १९९१ ते २०१४ या काळातल्या उत्तरांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधी गांजाच्या कायद्यानंतर मुलांतला वापर वाढल्याचे त्यात आढळले नाही. तरीही ही भीती मी उडवून लावत नाही. मौजेसाठी गांजा खुला करणाऱ्या बहुतेक राज्यांनी आधी औषधी गांजाचा कायदा केला होता, हे खरेच आहे. यावर उपाय म्हणजे औषधी कायदा खरोखर औषधीच ठेवणे. ओक्लाहोमाची भीती वाटते म्हणून मिनेसोटाही नाकारणे शहाणपणाचे नाही.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: कडक नियमांनी औषध महाग होते आणि रुग्ण पुन्हा काळ्या बाजाराकडे वळतो. मिनेसोटात हेच घडले. विमा नाही, नोंदणीचे शुल्क, महाग तेले, म्हणून रुग्ण थोडेच राहिले आणि २०२२ पासून वाळलेला गांजाही विक्रीस ठेवावा लागला. नियमनाने गळा कसा आवळला जातो, हे आपल्यालाही मॉर्फिनने शिकवले आहे. अमली पदार्थांवरच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानंतर राज्याराज्यांच्या परवान्यांच्या जंजाळात मॉर्फिनचा वैद्यकीय वापर दशकभरात ९० टक्क्यांहून अधिक घटला आणि कर्करोगाचे असंख्य रुग्ण वेदनेत गेले. २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक गुंगीकारक औषधांसाठी देशभर एकच सुटसुटीत व्यवस्था आणली. यावरून काढायचा निष्कर्ष असा: नियम द्रव्यावर आणि विक्रेत्यावर कडक असावेत, रुग्णावर सौम्य. चाचणी कसून व्हावी, पण रुग्णाला चार कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागू नयेत.

आपल्या कायद्यात याला जागा आहे. एनडीपीएस कायद्याचे कलम ८ वैद्यकीय व वैज्ञानिक कारणांचा अपवाद ठेवते आणि कलम १० गांजाच्या लागवडीचे व उत्पादनाचे नियमन राज्यांकडे सोपवते. फुलोऱ्याची टोके वगळून नुसती पाने कायद्याच्या व्याख्येबाहेर आहेत. त्यामुळे भांगेच्या पानांपासून केलेली आयुर्वेदिक औषधे परवान्यावर बनतात आणि वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, असा इशारा त्यांच्या वेष्टनावर छापावा लागतो. आज अशी औषधे इंटरनेटवर ऑनलाइन सल्ल्यासह घरपोच मिळतात. कॅलिफोर्नियात जी कडी निसटली, ती आपल्याकडे कायदा होण्याआधीच निसटू लागली आहे.

म्हणून या व्यासपीठावरून महाराष्ट्र शासनाला माझे आवाहन आहे. उद्या या विषयावर नियम करण्याची वेळ आली, तर चार गोष्टी पहिल्याच मसुद्यात असाव्यात: प्रत्येक बॅचची स्वतंत्र प्रयोगशाळेत चाचणी, मात्रा लिहिलेली चिठ्ठी, नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हातूनच वितरण आणि दुष्परिणामांची सक्तीची नोंद. आणि आपल्या व्यवसायाला एक विनंती. या मागणीत आपला स्वार्थ दडला आहे, असे कोणी म्हणेल. मेडिकल दुकानाच्या भिंतीवर प्रमाणपत्र टांगून स्वतः गैरहजर राहणारा फार्मासिस्ट आपल्यात आहे तोवर या आरोपाला आपल्याकडे उत्तर नाही. आधी आपण काउंटरवर उभे राहू, रुग्णाशी बोलू, नोंद ठेवू. मग ही जबाबदारी मागण्याचा अधिकार आपल्याला मिळेल.