पंचेचाळिसाव्या वर्षीची मुलाखत



इंटरमिजिएटला मला ‘ए’ ग्रेड मिळाली, तेव्हा चित्रकलेचे सर म्हणाले होते, ‘जे.जे.ला जा.’ मी इंजिनिअरिंगला गेले. कोणी जबरदस्ती केली नाही. मार्क होते, म्हणून गेले.

गेल्या वर्षी, पंचेचाळिसाव्या वर्षी, एम.एफ.ए.साठी अर्ज केले. आपल्याकडे त्याआधी बहुधा बी.एफ.ए. लागतं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी कुठलीही पदवी चालते, पण पोर्टफोलिओत दम हवा. वीसेक चित्रं, प्रत्येकाचं माप, माध्यम, साल आणि सोबत एक निवेदन. ते मी ऑफिसच्या डिझाइन डॉक्युमेंटसारखं मुद्देसूद लिहिलं. लेकीने वाचून विचारलं, ‘आई, यात तू कुठे आहेस?’ मग सहा वेळा लिहिलं.

मुलाखत रात्री साडेअकराला, लॅपटॉपवर. तंत्राबद्दल विचारतील म्हणून तयारी केली होती. त्यांनी विचारलं, ‘तुमचं फसलेलं चित्र कोणतं?’ मी गडबडले. फसलेली सगळी मी वगळली होती! शेवटी उठून कपाटामागचं, आईच्या स्वयंपाकघराचं अर्धवट चित्र कॅमेऱ्यासमोर धरलं. ती गेल्यावर काढायला घेतलेलं. ओट्यापाशी येऊन हात अडला होता. उरलेली सगळी वेळ आम्ही त्यावरच बोललो.

तिथे प्रवेश मिळाला नाही. दुसऱ्या एका ठिकाणी प्रतीक्षायादीत आहे. फीचा आकडा पाहिल्यापासून घरात कोणी विषय काढत नाही.

सर, तुम्ही समोरच बसला आहात. ते चित्र गाडीत आहे. जेवणं झाली की दाखवते.