पिल्लू घरी आणताना

शेताच्या राखणीला, पोरांच्या हौसेला आपण कुत्र्याचं पिल्लू आणतो. गावठी असो की लांब कानांचं स्पॅनियल, ८ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नका. दात किती जोरात लावायचा, हे ते भावंडांशी खेळतानाच शिकतं.

दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला द्या. मऊ भाकरी, भात, उकडलेलं अंडं चालतं. गाईच्या दुधानं बऱ्याच पिल्लांना हगवण लागते. कांदा-लसणाची आमटी घालू नका. झोपून उठलं, खाऊन झालं की लगेच अंगणात न्या. तिथं शी-शू केली की शाबासकी द्या. घरात केली म्हणून मारलंत, तर ते फक्त भ्यायला शिकेल.

जनावरांच्या डॉक्टरांकडून जंताचं औषध, ६ ते ८ आठवड्यांपासून पार्वोची लस आणि ३ महिन्यांनी रेबीजची लस द्या.

पोराला त्याचा दात लागला, तर ‘इवलंसं तर आहे’ म्हणून सोडू नका. हळद, चुना लावू नका. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर वाचतो. एवढं शेजारणीलाही सांगा.